फॅट ४.२ टाकलं की अ‍ॅप बंद

वाचकांचे प्रश्न : फोन, अ‍ॅप आणि आपण

प्रश्न : ताई, नमस्कार. मी करवीर तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेचा सचिव. आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ दीडशेच्या आसपास उत्पादक दूध घालतात. संकलनाच्या नोंदीसाठी ओळखीच्या एका मुलाकडून मोबाईल अ‍ॅप करून घेतलं. मी आणि संकलनावर बसणारी मुलगी, दोघांनी एकाच दुकानातून एकाच मॉडेलचे फोन घेतले. माझ्या फोनवर अ‍ॅप व्यवस्थित चालतं. तिच्या फोनवर सभासद क्रमांक टाकला की नाव बरोबर येतं, पण फॅट (दुधातल्या स्निग्धांशाचं प्रमाण) टाकून 'सेव्ह' दाबलं की अ‍ॅप आपोआप बंद. अ‍ॅप काढून परत टाकलं, फोन रिसेट केला, दुकानात नेऊन सॉफ्टवेअर मारून आणलं. फरक शून्य. भाच्याच्या जुन्या, निम्म्या किमतीच्या फोनवर मात्र चालतं. अ‍ॅपवाला म्हणतो, माझ्याकडे सगळं चालतंय, तुमचा फोनच खराब आहे. मुलीला वाटायला लागलंय की तिच्याच हातून काहीतरी चुकतंय. काय करावं?

उत्तर : सगळ्यात आधी त्या मुलीला सांगा, तिच्या हातून काहीही चुकलेलं नाही. तिचा फोनही खराब नाही.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा एका वाक्यावर अडले : सभासद क्रमांक चालतो, फॅट चालत नाही. फोनच बिघडला असता तर तो असा निवडून बिघडला नसता. क्रमांक पूर्णांक असतो, फॅटला दशांश असतो. म्हणून मी तुम्हाला फोन केला आणि दोन्ही फोन शेजारी ठेवायला सांगितले. आपलं जे बोलणं झालं ते इथे सविस्तर देते, कारण 'एका फोनवर चालतं, दुसऱ्यावर नाही' अशी पत्रं दर महिन्याला येतात आणि शोधायची रीत सगळीकडे हीच आहे.

दोन फोन दिसायला सारखे असले तरी आतून सारखे नसतात. अँड्रॉइडची आवृत्ती, उरलेली जागा, दिलेल्या परवानग्या, सिमकार्ड, बॅटरीचे नियम, भाषा, तारीख-वेळ, अक्षरांचा आकार. यातला एकेक फरक मिटवत जायचं, पण एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि अ‍ॅप चालू झालं, तर कशामुळे झालं ते कधीच कळत नाही. तुमच्या दोन्ही फोनांत आवृत्ती तीच निघाली. सिम अदलाबदल करून पाहिली, अ‍ॅप तरीही बंद. जागा दोघांतही भरपूर. परवानग्या त्याच. मग मी विचारलं, "मुलीच्या फोनवर वरच्या कोपऱ्यातलं घड्याळ कसं दिसतंय?" तुम्ही म्हणालात, "आठ बेचाळीस. आकडे मराठीत आहेत की!"

तिचा फोन मराठीत होता, तुमचा इंग्रजीत. भाच्याचाही इंग्रजीत. आणि रिसेट करून, सॉफ्टवेअर मारूनही फरक का पडला नाही, तेही इथेच कळतं. कोरा फोन सुरू होताना पहिल्यांदा भाषा विचारतो. ती दर वेळी मराठीच निवडत होती.

मग आपण तिचा फोन हिंदीत केला. फॅट सेव्ह झालं. परत मराठीत केला, अ‍ॅप बंद. एवढ्यावर मी थांबले नाही. तुमचा चांगला चालणारा फोनही मराठीत करायला लावला, आणि तोही पहिल्याच नोंदीला बंद पडला. ही उलटी परीक्षा फार महत्त्वाची. आजारी फोन बरा करून दाखवला की अर्धी खात्री होते. धडधाकट फोन मुद्दाम तसाच आजारी पाडता आला की मग कारण हातात आलं.

आता हे का होतं ते सांगते. जगातल्या भाषांत तारखा कशा लिहितात, आकडे कसे लिहितात, याची एक मोठी नोंदवही युनिकोड ही संस्था चालवते. तिचं नाव सीएलडीआर. अँड्रॉइड तीच वापरतो. त्या वहीत मराठीसमोर नेहमीचे आकडे म्हणून देवनागरी आकडे लिहिले आहेत, हा अंक तुम्ही वाचताय त्यात छापलेत तेच. नेपाळीसमोरही देवनागरीच. बंगालीसमोर बंगाली आकडे. हिंदीसमोर मात्र इंग्रजी आकडे आहेत. म्हणून लिपी एकच असूनही हिंदी फोनवर अ‍ॅप चाललं आणि मराठी फोनवर पडलं. हिंदीत तपासलं की देवनागरीचं काम झालं असं समजणाऱ्यांची इथेच फसगत होते.

मुलगी कीपॅडवर ४.२ टाकते. कुणी ४.२ टाकतं, कुणी ४.२०, म्हणून अ‍ॅप तो आकडा दशांशाच्या एका घरात बसवून पुन्हा लिहितं. हे लिहिताना प्रोग्रॅमरने कुठल्या भाषेत लिहायचं ते सांगितलेलं नसलं, तर अँड्रॉइड फोनच्या भाषेत लिहितो. म्हणजे तिच्या फोनवर देवनागरीत. पुढच्याच ओळीत अ‍ॅप तो मजकूर परत आकडा म्हणून वाचायला जातं. आणि इथे जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतली एक विसंगती आडवी येते : पूर्णांक वाचणारी सोय देवनागरी आकडे ओळखते, दशांश वाचणारी ओळखत नाही. सभासद ०४७ वाचला जातो, नाव येतं. फॅट ४.२ वाचताना 'हा आकडाच नाही' अशी तक्रार उठते, ती तक्रार झेलायला कोडमध्ये कुणी नसतं, आणि अ‍ॅप मिटतं. तुमच्या अ‍ॅपवाल्या मुलाने मला कोडच्या त्या दोन ओळी पाठवल्या. अगदी हेच होतं. मुलगा कामाचा आहे. त्याचा स्वतःचा फोन इंग्रजीत आहे, म्हणून त्याला हे कधी दिसलंच नाही.

मला हे लगेच सुचलं ते हुशारीमुळे नाही, एकदा चटका बसला होता म्हणून. २०१७ साली मी शिक्षकांच्या हजेरीच्या एका अ‍ॅपची चाचणी करत होते. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या आणि काही शिक्षक रोज हजेरी लावूनही गैरहजर दिसायला लागले. अ‍ॅप बंद पडत नव्हतं. हिरवी बरोबरची खूणही येत होती. तारीख मात्र सर्व्हरकडे देवनागरी आकड्यांत जात होती आणि सर्व्हर ती गुपचूप टाकून देत होता. एका बाईंचा पगार त्यापायी अडकला. त्यांनी फोनवर मला विचारलं, "मी मराठी शाळेत शिकवते, फोन मराठीत ठेवला, यात माझी काय चूक?" मला उत्तर देता आलं नाही. माझ्या टेबलावर तेव्हा नऊ फोन होते आणि नऊच्या नऊ इंग्रजीत. त्या दिवसापासून माझ्या खणात एका फोनवर कायमची चिठ्ठी आहे : 'मराठी. बदलू नये.'

तुमच्या अ‍ॅपवाल्याला खालचा मजकूर जसाच्या तसा पाठवा.

"माणसाला दाखवायचा आकडा फोनच्या भाषेत दाखवा. जो आकडा किंवा तारीख साठवायची, सर्व्हरला पाठवायची, फाईलच्या नावात घालायची किंवा परत वाचायची, ती प्रत्येक ठिकाणी 'लोकेल डॉट रूट' (म्हणजे कुठल्याही एका भाषेशी न बांधलेली पद्धत) देऊन लिहा. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर, रक्कम आणि तारीख, सहाही ठिकाणं शोधा. नवी आवृत्ती देण्याआधी फोन मराठीत ठेवून एक पूर्ण संकलन करून पाहा."

एक ठिकाण दुरुस्त करून तो थांबेल, ही माझी खरी भीती. फॅट सेव्ह व्हायला लागेल आणि बिलाची तारीख तशीच राहील. अ‍ॅप बंद पडतं तेव्हा निदान दिसतं तरी. दहा दिवसांच्या बिलात एखाद्या उत्पादकाचा संध्याकाळचा फेरा गळाला तर ते दिसणार नाही, आणि दोष त्या मुलीवर येईल. म्हणून नवी आवृत्ती आली की पहिलं बिल निघेपर्यंत वहीतली नोंद चालू ठेवा आणि बेरीज ताडून पाहा. याआधी तिच्या फोनवरून झालेल्या नोंदीही वहीशी जुळवून घ्या.

उद्या सकाळी दूध येणारच, ते दुरुस्तीसाठी थांबणार नाही. तेव्हा चार-आठ दिवस तिचा फोन हिंदीत किंवा इंग्रजीत ठेवावा लागला तर ठेवा. अँड्रॉइड १३ किंवा पुढची आवृत्ती असेल तर सेटिंग्जमध्ये भाषेखाली 'अ‍ॅप भाषा' असते. त्या यादीत तुमचं अ‍ॅप दिसलं तर तेवढंच इंग्रजीत करता येईल, बाकी फोन मराठीत राहील. यादीत येण्यासाठी अ‍ॅपवाल्याने आधी तशी सोय केलेली असावी लागते, म्हणून न दिसल्यास नवल नाही. पण ही मलमपट्टी आहे. 'फोन इंग्रजी करा' हे कायमचं उत्तर म्हणून कुणी दिलं तर ते ऐकून घेऊ नका. फोनमध्ये मराठी आहे, आकडे मराठीत आहेत, ते वापरणं हा त्या मुलीचा हक्क आहे. तुर्की भाषेत लहान 'आय'चं मोठं अक्षर वर टिंब असलेलं होतं. एवढ्याशा टिंबापायी तुर्की फोनांवर कितीतरी प्रोग्रॅम अडखळले आहेत, आणि दुरुस्त करावे लागले ते प्रोग्रॅम. चूक प्रोग्रॅमची होती, तुर्कांच्या भाषेची नव्हे.

प्रश्न : माझ्या फोनवर भजनांचं एक अ‍ॅप आहे, प्ले स्टोअरवरूनच घेतलेलं. कणकवलीच्या मेव्हण्यांकडे नेट नीट मिळत नाही म्हणून शेअर करायच्या अ‍ॅपमधून ते त्यांच्या फोनवर पाठवलं. इन्स्टॉल झालं, पण उघडलं की लगेच बंद. फाईल वाटेत खराब झाली असेल का?

उत्तर : फाईल बहुधा चांगली आहे, अपुरी आहे. पूर्वी एका अ‍ॅपची एकच फाईल असायची आणि ती सगळ्यांना मिळायची. ऑगस्ट २०२१पासून प्ले स्टोअरवर येणारं प्रत्येक नवं अ‍ॅप वेगळ्या गाठोड्यात द्यावं लागतं, आणि प्ले स्टोअर त्यातून प्रत्येक फोनपुरते तुकडे काढून देतं : एक मुख्य, एक प्रोसेसरचा, एक पडद्याच्या दाटपणाचा, एक भाषेचा. शिंप्याने तुमच्या मापाने शिवलेला सदरा मेव्हण्यांना चढवल्यासारखं झालंय, त्यातही बाह्या घरीच राहिलेल्या. पुष्कळदा शेअर करताना फक्त मुख्य तुकडा जातो. सगळे तुकडे गेले तरी, तुमचा फोन ६४ बिटचा आणि त्यांचा जुना ३२ बिटचा असेल तर प्रोसेसरचा तुकडा त्यांच्या उपयोगाचा नसतो.

मेव्हण्यांना ते अ‍ॅप काढून टाकायला सांगा. बाजारात किंवा एसटी स्टँडवर नेट चांगलं मिळेल तेव्हा प्ले स्टोअरवरून त्यांच्याच फोनवर घ्या. 'हे तुमच्या डिव्हाइससाठी नाही' असं तिथे दिसलं तर तेच खरं उत्तर समजा आणि दुसरं अ‍ॅप शोधा.

आणि विषय निघालाच आहे तर : मेसेजमधून आलेली एपीके फाईल (उघडली की फोनवर अ‍ॅप बसवणारी), मग ती लग्नपत्रिका म्हणून असो, वाहतूक दंडाची पावती म्हणून असो, उघडू नका. या नावांनी येणाऱ्या फायलींनी लोकांची बँक खाती रिकामी केली आहेत. ओळखीच्या नंबरावरून आली तरी नको. त्या माणसाचाच फोन आधी फसलेला असतो.

प्रश्न : वडिलांच्या टॅबवर अँड्रॉइड ७.० आहे. एकेक करत साइट आणि अ‍ॅप उघडेनाशी झालीत, 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणतात. माझ्या फोनवर त्याच वायफायवर चालतात.

उत्तर : आधी टॅबची तारीख पाहा. बॅटरी पूर्ण उतरून पडून राहिलेला टॅब कधी कधी भलत्याच सालात जागा होतो, आणि मग त्याला प्रत्येक साइटचं प्रमाणपत्र (ती साइट खरी असल्याचा दाखला) अजून सुरूच न झालेलं किंवा मुदत संपलेलं वाटतं. तारीख बरोबर असेल तर कारण वयाचं आहे. असंख्य साइट 'लेट्स एन्क्रिप्ट' या संस्थेची मोफत प्रमाणपत्रं वापरतात. तिची स्वतःची मूळ ओळख, म्हणजे ज्याच्या भरवशावर फोन ही प्रमाणपत्रं मानतो ते मुख्य प्रमाणपत्र, अँड्रॉइड ७.१.१पासूनच्या फोनांत आहे, ७.०मध्ये नाही. जुन्या फोनांसाठी दुसऱ्या एका संस्थेच्या सहीवर काम भागवलं जात होतं, त्या सहीची मुदत ३० सप्टेंबर २०२४ला संपली. ती मूळ ओळख हाताने टॅबमध्ये भरता येते आणि ब्राउझरला ती चालते. पण अँड्रॉइड ७पासून बहुतेक अ‍ॅप अशी हाताने भरलेली ओळख मानतच नाहीत. टॅबवर आधीच उतरवलेली गाणी, फोटो, पुस्तकं खुशाल वापरू द्या. बँकेचं काम त्यावर नको.

प्रश्न : मी पुण्यात, सासूबाई-सासरे साताऱ्याला. दोघांच्या फोनवर औषधाची आठवण देणारं एकच अ‍ॅप टाकून दिलं. सासऱ्यांचं बरोबर वाजतं. सासूबाईंचं मी असताना दहा वेळा तपासलं, दहाही वेळा वाजलं. मी पुण्याला आले की सकाळी सहाची थायरॉइडची गोळी चुकते. त्या म्हणतात, "वाजलंच नाही." खरं सांगते, त्या विसरत असतील असंच मला वाटत होतं.

उत्तर : त्या खरं सांगताहेत. तुम्ही तपासलंत तेव्हा फोन हातात होता, जागा होता. सकाळी सहाला तो रात्रभर टेबलावर निश्चल पडलेला असतो.

२०१५च्या अँड्रॉइड ६पासून फोन चार्जिंगला नसेल, पडदा बंद असेल आणि कुणी हलवत नसेल, तर तो हळूहळू गाढ झोपेत जातो आणि अ‍ॅपची कामं मागे टाकतो. बॅटरी वाचावी म्हणून हे केलेलं आहे. त्यावर काही कंपन्यांनी आपापले जास्त कडक नियम चढवले आहेत : जे अ‍ॅप दोन-चार दिवस उघडलं नाही ते सरळ बंद करायचं. सासरे बहुधा रात्री फोन चार्जिंगला लावून झोपत असतील. नसतील तर त्यांच्या फोनची कंपनी सौम्य असेल. अ‍ॅप एक, फोन दोन, आणि फरक पडतो तो झोपेत.

सासूबाईंच्या फोनवर चार ठिकाणी जावं लागेल. अ‍ॅपच्या माहितीत बॅटरीखाली 'निर्बंध नाहीत' निवडा. 'ऑटोस्टार्ट' असा पर्याय असेल तर चालू करा, काही फोनांत तो सुरक्षेच्या अ‍ॅपमध्ये दडवलेला असतो. अँड्रॉइड १३पासून सूचना दाखवायलाही परवानगी लागते, पहिल्या दिवशी घाईत 'नाही' दाबलं गेलं असेल तर ती द्या. आणि अँड्रॉइड १४ असेल तर 'विशेष अ‍ॅप अ‍ॅक्सेस'मध्ये 'अलार्म आणि रिमाइंडर' पाहा. नव्याने टाकलेल्या बऱ्याच अ‍ॅपसाठी तो मुळातच बंद असतो आणि मग गजर मिनिटाच्या मिनिटाला वाजेल याची हमी राहत नाही. पडद्यावर वर ओढून सगळी अ‍ॅप साफ करायची सवय त्यांना असेल तर अलीकडची यादी उघडून या अ‍ॅपला कुलूप लावून ठेवा.

नंतरची तपासणी मात्र हातात घेऊन करू नका. रात्री चार्जर काढा, फोन त्यांच्या नेहमीच्या जागी ठेवा आणि सकाळी सहापर्यंत त्याला हात लावू नका. असं सलग तीन दिवस वाजलं तर ठीक. तोपर्यंत, आणि त्यानंतरही, फोनच्या स्वतःच्या घड्याळात सहाचा एक साधा गजर लावून ठेवा. घड्याळाला झोपेचे हे नियम लागू होत नाहीत. गोळी रिकाम्या पोटी घ्यायची असते, म्हणून गजर सकाळच्या चहाच्या बराच आधी हवा.

आणि आज संध्याकाळी त्यांना फोन करून सांगा, चूक फोनची होती.